चाळीसगावचा टांगा आणि फलाटावरची माणसे



विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायची ठरली तेव्हा गावाच्या इतिहासावर एक लेख हवा असे सर्वांचे मत पडले. विषय काय घ्यावा यावर बोलणे निघाले आणि कोणीतरी म्हणाले, टांग्याची गोष्ट घ्या. त्यावर लगेच दुसरे म्हणाले, ती तर पोरासोरांना पाठ आहे, त्यात नवीन काय लिहिणार? खरे आहे. दर १४ एप्रिलला आपल्या स्टेजवर एखादा पाचवी-सहावीतला मुलगा ही गोष्ट सांगतो. बाबासाहेब चाळीसगावला आले, टांगेवाल्याने त्यांना नेण्यास नकार दिला, टांगा उलटला, बाबासाहेबांचा पाय मोडला. टाळ्या होतात, मुलगा खाली उतरतो.

या गोष्टीत बाबासाहेब असतात, टांगेवाला असतो, घोडासुद्धा असतो. पण बाबासाहेबांना घ्यायला जी माणसे स्टेशनवर गेली होती ती कुठे असतात? आपलीच ती वडील मंडळी. त्यांनी त्या दिवशी काय केले, कोठे चुकले, आणि त्यांच्यानंतर आपल्या खानदेशात काय घडत गेले, ते सलग सांगावे एवढाच आमचा हेतू आहे.

आधी तो काळ कोणता ते पाहू. मुंबई सरकारने १९२८ साली अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी एक कमिटी नेमली. ओ. एच. बी. स्टार्ट हे तिचे अध्यक्ष, म्हणून तिला स्टार्ट कमिटी म्हणतात. बाबासाहेब, डॉ. पी. जी. सोळंकी, ठक्करबाप्पा वगैरे मंडळी तिच्यावर सभासद होती. कमिटीने प्रांतभर फिरून माहिती गोळा करायची होती. सभासदांनी कामाची वाटणी केली, आणि बाबासाहेब व त्यांचे एक सहकारी यांच्या वाट्याला दोन्ही खानदेश जिल्हे आले. दोन्ही म्हणजे पूर्व आणि पश्चिम. पूर्व खानदेश म्हणजे आपला आजचा जळगाव जिल्हा, आणि पश्चिम खानदेश म्हणजे धुळे, ज्यातून १९९८ साली नंदुरबार वेगळा झाला.

बाबासाहेब तेव्हा अडतीस वर्षांचे होते. बॅरिस्टर होते, अमेरिकेतली आणि लंडनची डॉक्टरेट होती, मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद होते. महाडच्या तळ्याचे पाणी हातात घेऊन दोन वर्षे झाली होती. अशा माणसाला आपल्या जिल्ह्यात टांगा मिळेना, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

जिल्ह्यातले काम आटोपले आणि बाबासाहेब मुंबईकडे निघाले. वाटेत चाळीसगावला उतरायचे होते, कारण धुळ्याच्या लाईनवरच्या एका खेड्यात सवर्णांनी आपल्या लोकांवर बहिष्कार टाकला होता आणि त्याची चौकशी करायची होती. आपल्या गावाचे भाग्य म्हणा की काय म्हणा, पण ही धुळ्याची लाईन फुटते ती आपल्याच जंक्शनवरून. जामदा, राजमाने, शिरूड करीत गाडी धुळ्याला जाते. बाबासाहेबांनी त्या खेड्याचे नाव लिहिलेले नाही, म्हणून आम्हीही कोणत्या गावावर बोट ठेवीत नाही.

बहिष्कार म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगावे लागते. मारहाण नाही, जाळपोळ नाही. वाण्याने मीठ-मिरची द्यायची नाही, शेतात कामाला बोलवायचे नाही, वाट्याने दिलेली जमीन काढून घ्यायची, जाण्यायेण्याची वाट बंद करायची. बस. आठ दिवसांत माणूस पाय धरायला येतो. स्टार्ट कमिटीने आपल्या १९३० च्या अहवालात हेच सांगितले आहे. उघड हिंसेपेक्षाही बहिष्काराचे हत्यार अधिक भयंकर आहे, आणि ते चालते कारण आपल्या लोकांपाशी स्वतःची जमीन नाही, स्वतःचा धंदा नाही, ते गावावर अवलंबून आहेत, असा त्या म्हणण्याचा सारांश. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मागण्या मांडल्या, तेव्हा बहिष्काराविरुद्ध कायदा हवा हे सांगताना याच अहवालाचा आधार दिला. म्हणजे खानदेशातल्या एका आडगावची कैफियत ज्या अहवालाच्या कामासाठी ऐकली गेली, तो अहवाल पुढे लंडनला जाऊन बोलला.

तर बाबासाहेब चाळीसगावला उतरले, आणि आपले लोक स्टेशनवर हजर.

इथे जरा थांबावेसे वाटते. ते कोणी पुढारी नव्हते. छापील पत्रक नाही, पक्ष नाही, कचेरी नाही. महारवाड्यातली माणसे. आपल्याकडे प्रत्येक वस्तीत असा एखादा आप्पा, एखादा बापू, एखादा जिभाऊ असतोच, ज्याला चार अक्षरे येतात, जो इतरांना पेपर वाचून दाखवतो, ज्याच्या शब्दाखातर दहा माणसे घर सोडून येतात. अशांनीच हे जमवून आणलेले असणार. त्यांनी बाबासाहेबांना विनंती केली की आजची रात्र आमच्याकडे मुक्काम करा. बाबासाहेबांचा बेत तर खेड्यातली चौकशी उरकून थेट मुंबईला जाण्याचा होता. पण लोकांची इच्छा फार, म्हणून त्यांनी होकार दिला. मग ते धुळ्याच्या गाडीत बसले, त्या खेड्यात गेले, सगळी हकिकत जाणून घेतली आणि पुढच्या गाडीने परत चाळीसगावला आले. पाहतात तो लोक फलाटावर वाट पाहत उभे. हार घातले गेले. तारीख होती २३ ऑक्टोबर १९२९.

यापुढची हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाच्या त्यांच्या छोट्या इंग्रजी आठवणी आहेत, त्यात चाळीसगावचे एक प्रकरण आहे. आम्ही त्यातली हकिकत आमच्या शब्दांत सांगतो.

महारवाडा स्टेशनपासून साधारण दोन मैल, मध्ये नदी, नदीवर फरशी. तसे पायी जाण्याजोगे अंतर. स्टेशनबाहेर भाड्याचे टांगे पुष्कळ उभे होते. हार झाले, आता निघायचे असे बाबासाहेबांना वाटले, पण कोणी हलेना. का थांबवले आहे तेही कोणी सांगेना. तासभर गेला. मग एक टांगा फलाटाजवळ आणून उभा केला. बाबासाहेब बसले. टांग्यात ते आणि हाकणारा, दोघेच. बाकीचे लोक जवळच्या वाटेने पायी पुढे गेले.

दोनशे पावलेही झाली नसतील तोच समोरून मोटार आली आणि टक्कर होता होता राहिली. पोलिसाने मोठ्याने ओरडून मोटारवाल्याला गाडी मागे घ्यायला लावली म्हणून निभावले. रोज भाडे मारणारा हा माणूस असा अडाण्यासारखा कसा हाकतो, याचे बाबासाहेबांना नवल वाटले. तसेच नदीपर्यंत आले. फरशीला कठडा नव्हता, नुसते पाच-दहा फुटांवर उभे केलेले दगड. आणि फरशी रस्त्याला काटकोनात, म्हणजे एकदम वळण घ्यावे लागे. पहिल्याच दगडापाशी घोडा सरळ जायचा तो वळला आणि उधळला. चाक दगडावर आदळले. बाबासाहेब उचलले जाऊन फरशीच्या दगडांवर पडले, आणि टांगा घोड्यासकट खाली नदीत गेला.

पलीकडच्या काठाला लगेच महारवाडा. पायी गेलेली मंडळी आधीच पोचलेली होती. ज्यांच्या स्वागतासाठी घरदार झाडूनपुसून ठेवले असेल, त्या पाहुण्याला लोकांनी बेशुद्ध अवस्थेत उचलून घरी नेले. बाया-माणसे, लेकरे सगळी रडत होती. हे बाबासाहेबांनीच नोंदवले आहे. पाय मोडला, अंगाला ठिकठिकाणी मार बसला, आणि पुढे बरेच दिवस त्यांना हिंडताफिरता येईना.

आता खरी गोष्ट. टांगे रोज त्या फरशीवरून जात-येत, कधी असे झाले नाही, मग आजच कसे झाले? बाबासाहेबांनी विचारपूस केली तेव्हा कळले की टांगेवाले अस्पृश्य उतारूला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हते. त्यात त्यांना कमीपणा वाटत होता. इकडे आपल्या लोकांना बाबासाहेबांनी पायी चालत यावे हे पटेना. त्यात बाबासाहेबांचा कमीपणा होता. तासभर घासाघीस झाली आणि तोड निघाली. मालक टांगा भाड्याने देणार, पण हाकणार नाही. हाकणारा तुमचा तुम्ही पाहा. (भाडे घ्यायला हरकत नव्हती बरं का! पैसा विटाळत नाही.) आपल्या लोकांत टांगा हाकणारा कोणीच नव्हता. कोणीतरी एक पुढे झाला, लगाम हातात घेतले, यात काय मोठेसे आहे असे म्हणून निघाला. निघाल्यावर त्याला जोखमीची जाणीव झाली, हात कापू लागले आणि त्याने आवरणेच सोडून दिले.

बाबासाहेबांनी या प्रसंगावर दोन शेरे मारले आहेत. एक शेरा आपण सगळे सांगतो. टांगा हाकून पोट भरणारा माणूससुद्धा, केवळ सवर्ण म्हणून, एका अस्पृश्य बॅरिस्टरपेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजतो. हा शेरा भाषणात चांगला वठतो. दुसरा शेरा मात्र आपण गाळतो. तो आपल्याच लोकांवर आहे. पाहुण्याच्या मानापेक्षा पाहुण्याचा जीव मोलाचा असतो हे चाळीसगावचे लोक विसरले, माझी प्रतिष्ठा राखायला गेले आणि माझा जीवच धोक्यात घातला, अशा आशयाचे त्यांनी लिहिले आहे.

स्मरणिकेच्या बैठकीत यावर बराच वाद झाला. काहींचे म्हणणे पडले की हे छापू नये, आपल्याच वाडवडिलांची चूक आपणच का उगाळायची? आम्हाला ते पटले नाही. बाबासाहेबांनी लिहिले ते आम्ही झाकावे, एवढे आम्ही मोठे नाही. आणि दुसरे असे की, त्या शेऱ्यात राग आम्हाला दिसत नाही. घरच्या वडीलमाणसाने पोरांना म्हणावे, अरे वेड्यांनो, काय करून बसलात, तसे ते वाटते.

बाबासाहेबांना या तोडीची ओळख लहानपणापासून होती हे त्याच पुस्तकावरून कळते. १९०१ साली ते, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांकडे जायला निघाली होती. मसूर स्टेशनवर उतरली तर न्यायला कोणी आलेले नाही. आपण महार आहोत असे मुलांनी भोळेपणाने सांगितले आणि कोणी गाडीवाला तयार होईना. शेवटी काय ठरले? दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची, आणि गाडीवाल्याने बाजूने पायी चालायचे. पाहा, हुबेहूब तीच तोड! मधे अठ्ठावीस वर्षे गेली. मसूरच्या स्टेशनवरचा दहा वर्षांचा भीम बॅरिस्टर झाला, कायदेमंडळात गेला, आणि चाळीसगावच्या स्टेशनवर त्याच्यापुढे तोच टांगा आणि तीच अट येऊन उभी राहिली. फरक एवढाच की बैलाला वाट ठाऊक असते, घोड्याला मात्र हात ओळखीचा लागतो.

आणि हा हात ओळखीचा का नव्हता? बाबासाहेबांनीच कारण दिले आहे, तो त्यांचा धंदा नव्हता. वाक्य छोटे आहे, पण आम्हाला ते सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. टांगा हाकणे म्हणजे काही वकिली नव्हे. चार महिने बाजूला बसून कोणीही शिकेल. पण बाजूला बसवणार कोण? महाराच्या वाट्याला वतन. गावाचा सांगावा पोचवा, मेलेले ढोर ओढा, साहेबाच्या घोड्यापुढे धावा. घोड्यापुढे धावायची मुभा होती, घोडा हाकायची नव्हती. आणि मोबदला काय, तर बलुत्याची भाकर आणि इनामाचा तुकडा, भावाभावांत वाटून वाटून उरलेला.

हे वतन मोडावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली, म्हणजे अपघाताच्या आदल्याच वर्षी, मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणले होते. ते काही तेव्हा पार पडले नाही. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने, १ ऑगस्ट १९५९ पासून. तीस वर्षे लागली.

धंद्याची ही गोष्ट पुढे मनमाडला निघाली. आपल्याच रेल्वेच्या रस्त्यावर, फार लांब नाही. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष होते. रेल्वेत आपल्या लोकांना नोकरी मिते, ती गँगमनची. जन्मभर गँगमनच राहायचे, वर चढायचे नाही, असे त्यांनी तिथे सांगितले. आणि एक बारीकशी गोष्ट सांगितली, जी आम्हाला विसरता येत नाही. आपल्या माणसाला पोर्टरसुद्धा करीत नाहीत. का? तर स्टेशन मास्तर पोर्टरला घरकामाला लावतो, आणि अस्पृश्य माणूस घरात कसा चालेल? म्हणजे नोकरी रेल्वेची, पगार रेल्वेचा, पण शिवाशीव मास्तरच्या घरातली. चाळीसगावच्या फलाटावर १९२९ साली जो तास बाबासाहेबांनी थांबून काढला, त्याच्या पोटात हेच होते. उतारू म्हणून तिकीट मिळत होते, डब्यात बसता येत होते, फलाटाबाहेर पाऊल टाकले की जात आडवी येत होती.

म्हणून आम्ही म्हणतो की त्या एका तासात आपल्या वडिलांनी जे केले त्याकडे नीट पाहावे. त्यांच्यापुढे सोपी वाट होती. हात जोडून म्हणायचे, साहेब, टांगा मिळत नाही, चला पायी. बाबासाहेब चालले असते, कुरकुर केली नसती. त्यांनीच लिहिले आहे, अंतर चालण्याजोगे होते. पण ज्यांचे बापजादे दुसऱ्याच्या घोड्यापुढे धावले, त्यांनी त्या दिवशी ठरवले की आपला माणूस टांग्यातूनच येईल. दुसऱ्याने हाकला नाही तर आपण हाकू. हे बोलून दाखवायला सोपे आहे. ज्या टांगेवाल्यांशी, वाण्याशी, मालकाशी दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठ पडायची होती, त्यांच्यासमोर तासभर उभे राहून हुज्जत घालणे सोपे नव्हते. खेड्यात बहिष्कार पडलेलाच होता, गावात पडायला किती वेळ लागतो?

त्यांनी हाकणारा पारखून घ्यायला हवा होता, ही चूक झालीच. लगाम हाती घेणाऱ्यालाही आम्ही दोष देत नाही. त्याची ती रात्र कशी गेली असेल, याचा विचार मनात येतो आणि पुढे लिहवत नाही.

असो. या गोष्टीनंतर खानदेशात काय झाले ते आता थोडक्यात सांगतो. अपघातानंतर चार-साडेचार महिन्यांनी, २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली, हिंदू म्हणून मरणार नाही. येवले आपल्यापासून काही फार दूर नाही. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात अस्पृश्यांसाठी १५ राखीव जागा होत्या. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पूर्व खानदेशातून दौलत गुलाजी जाधव निवडून आले. सात-आठ वर्षांपूर्वी ज्या जिल्ह्यात टांगा हाकायला माणूस मिळाला नव्हता, त्या जिल्ह्याने विधानसभेत माणूस पाठवला. त्याच वर्षी बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. तिथे दर ३१ जुलैला भीमसैनिकांची गर्दी होते, आपल्या वस्तीतल्याही कित्येकांनी ती पाहिली असेल.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. मग लोकांना वाटले आता हे सगळे विस्कटणार. विस्कटले नाही, त्याचे श्रेय आम्ही गावोगावच्या त्या आप्पा-बापूंनाच देतो. देव्हारे काढून नदीत सोडायचे आणि भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो लावायचा, हे काम कोणी मुंबईहून येऊन केले नाही. ज्याला वंदना पाठ होती त्याने ती चार घरांना शिकवली. जे बारशाला, लग्नाला, पुण्यानुमोदनाला पुढे उभे राहिले त्यांना आपण आज बौद्धाचार्य म्हणतो. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला त्यात खानदेश होता, आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह झाला तेव्हाही माणसे तुरुंगात गेली. जमिनीसाठी तुरुंगात जाणे म्हणजे स्टार्ट कमिटीच्या अहवालातल्या त्या दुखण्यावरच औषध मागणे होते. स्वतःची जमीन असली की वाण्याने मीठ बंद केले तरी माणूस पाय धरत नाही.

आता एक शेवटची गोष्ट. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे बाबासाहेबांच्या हातचे टिपण पीपल्स एज्युकेशन सोसायटीने छापून काढले ते १९९० साली, १९ मार्चला. नंतर १९९३ साली महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत बाराव्या खंडात ते आले. आज अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात, जिथे बाबासाहेब शिकले, तिथली मुलेही ते अभ्यासतात. म्हणजे न्यूयॉर्कच्या वर्गात आपल्या चाळीसगावची फरशी वाचली जाते. पण छापून येईपर्यंत एकसष्ट वर्षे गेली. फलाटावर पंचविशीत उभा असलेला माणूस तेव्हा शहाऐंशीचा झाला असता. बाबासाहेबांनी आपल्यावर काय शेरा मारला आहे ते त्यांतल्या बहुतेकांना कळलेही नसेल. त्यांच्याजवळ त्या दिवसाची त्यांची स्वतःची आठवण होती, आणि ती त्यांनी कोणाला सांगितली असेल तर आपल्याच घरात, चुलीपुढे सांगितली असेल.

बाबासाहेबांच्या त्या पानांवर चाळीसगावच्या लोकांची नावे नाहीत. नुसते चाळीसगावचे महार, एवढेच. आपल्या डोंगरापलीकडे, कन्नड तालुक्याच्या हद्दीत पितळखोऱ्याची लेणी आहेत. आपल्यापैकी बरेच जण विहाराच्या सहलीला तिथे जाऊन आले आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ती बौद्ध लेणी. तिथल्या खांबांवर पैठणच्या मितदेव नावाच्या अत्तराच्या व्यापाऱ्याचे नाव आहे. मगिल नावाच्या राजवैद्याच्या घरच्यांचे दान कोरलेले आहे. यक्षाची एक मूर्ती सापडली, तिच्या हातावर ती घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचे नाव आहे. सोनाराने नाव कोरून ठेवले म्हणून आम्हाला दोन हजार वर्षांनी तो ओळखता येतो. आणि इकडे शंभर वर्षेही झाली नाहीत तर आपलीच माणसे नाव नसलेली!

नदी तर काही ठेवत नाही. चाळीसगावच्या तितूर आणि डोंगरी या नद्या एरवी कोरड्या ठणठणीत, पण ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस त्यांना जो पूर आला तो आपण सर्वांनी पाहिला आहे. बाजारपेठेत पाणी शिरले, संसार वाहून गेले. त्यात कोणाच्या पेट्या गेल्या, पेट्यांतले जुने फोटो, सनदा, वतनाचे कागद, शाळेचे दाखले गेले. कागद जातो आणि आठवण माणसाबरोबर जाते.

म्हणून विहार समितीने एक वही घातली आहे. ज्या घरात आजोबा-पणजोबांची, आजी-पणजीची अशी आठवण असेल की ते बाबासाहेबांना भेटले, स्टेशनवर गेले, मनमाडच्या परिषदेला गेले, नागपूरला दीक्षेला गेले, सत्याग्रहात तुरुंगात गेले, रेल्वेत गँगमन होते, किंवा नुसते वस्तीत पेपर वाचून दाखवत, त्यांनी त्या वहीत लिहावे. पूर्ण नाव, मूळ गाव, काय काम करीत, आणि कोणाकडून ऐकले ते. बायांची नावेसुद्धा पूर्ण लिहावीत, अमक्याची माय असे लिहू नये. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी रविवारी वंदनेनंतर सांगावे, मुले लिहून घेतील. ऐकीव आहे म्हणून संकोच करू नये, ऐकीव असे लिहावे म्हणजे झाले.

वही पुस्तकांच्या कपाटात वरच्या फळीवर आहे. पेन दोऱ्याने बांधून ठेवले आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!